तोतयाला कलम कसं मिळालं

वरोरा हा विधानसभेचा ७५ क्रमांकाचा मतदारसंघ. इथल्या कुठल्याही केंद्रावर पोलिंग एजंट म्हणून बसलेल्या कार्यकर्त्याला दोन रुपयांचा नियम ठाऊक असतो. समोर आलेला मतदार खरा नाही असं वाटलं, तर केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. चौकशी तिथल्या तिथे होते. पण तोतया सटकून गेला आणि खरा मतदार मागाहून आला, तर? त्याला मशीनवर मत देता येत नाही, कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात बंद होते. लोक तिला ‘टेंडर वोट’ म्हणतात. ते मत सहसा मोजलंही जात नाही. तरी ज्याचं नाव चोरीला गेलं त्याची सरकारी कागदावर दखल घेतली जाते. तोतयेगिरीच्या आपल्या कायद्यांत असं क्वचितच घडतं. एरवी कायदा विचारतो एवढंच, की फसला कोण?

मराठी मुलखातला सर्वांत गाजलेला तोतया सदाशिवरावभाऊंचा. पानिपतावर १७६१ मध्ये भाऊ पडले, आणि काही वर्षांनी एक जण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तेव्हा नवरा परत येईल या आशेवर दिवस काढत होत्या. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असलेला हा माणूस १७७६ मध्ये सुटला, कोकणात फौज जमवून बसला, पकडला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहांत शासन झालं. बंड नसतं तर तो कैदेतच राहिला असता. पार्वतीबाईंच्या वाट्याला जे आलं, ते कुणाच्या फिर्यादीत बसणारं नव्हतं.

इंग्रजांनी तोतयेगिरीच्या गुन्ह्याला कलम दिलं. १८६० ची दंडसंहिता १८६२ च्या १ जानेवारीला अमलात आली. तिच्या ४१६ व्या कलमात दोन उदाहरणं आहेत: नामसाधर्म्याचा फायदा घेऊन आपण तोच धनाढ्य पेढीवाला असल्याची बतावणी करणारा, आणि मेलेल्या माणसाचं सोंग घेणारा. सोंग ज्याचं घेतलं तो माणूस खरा असो वा काल्पनिक, गुन्हा होतोच, असंही त्यात म्हटलंय. हे वाक्य मला फार बोलकं वाटतं. ज्याचं नाव घेतलं तो अस्तित्वात नसला तरी चालतं, म्हणजे या गुन्ह्याला त्याची गरजच नाही!

इंटरनेट आलं आणि हा उणेपणा उघडा पडला. २००४ मध्ये मुंबईच्या एका पुरुषाने चेन्नईच्या एका घटस्फोटित बाईच्या नावाने ईमेल खातं काढलं आणि त्यावरून अश्लील मजकूर पसरवला. तिला अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागले. पोलिसांनी माग काढत त्याला मुंबईत गाठलं, सायबर कॅफेवाल्यांच्या साक्षी झाल्या, आणि नोव्हेंबरात चेन्नईच्या न्यायालयाने शिक्षा दिली. पण कशाबद्दल? अश्लील मजकूर, बदनामीसाठी बनावट दस्तऐवज, स्त्रीच्या विनयाचा अपमान. ‘तो ती झाला’ यासाठी लावायला कलम नव्हतं.

पुढच्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायद्यावरच्या केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. २००६ च्या विधेयकात यासाठी दंडसंहितेत दोन नवी कलमं सुचवली गेली. संगणकावरून तोतयेगिरीने फसवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होणार होती. ते विधेयक रेंगाळलं. मग मुंबईवर हल्ला झाला आणि महिन्याच्या आत, डिसेंबर २००८ मध्ये, गोंधळात, फारशी चर्चा न होता संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. २७ ऑक्टोबर २००९ पासून ६६-क आणि ६६-ड ही कलमं लागू झाली, ती दंडसंहितेत नव्हे, याच कायद्यात. कैद तीन वर्षांवर आली. एक बदल मात्र तालुक्याच्या सोयीचा होता: पूर्वी तपासाला उपअधीक्षक लागत, आता ठाण्यातला पोलीस निरीक्षक पुरतो.

६६-ड जुन्याच वळणाचं, फसवणूक हवीच. ६६-क चं लक्ष मात्र नावाच्या धन्याकडे जातं: दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खास खूण लबाडीने वापरली, की गुन्हा. पण फोटो आणि नाव ही अशी खूण का, यावर वकील भांडू शकतो. समजा, वरोऱ्यातल्या एका शिक्षिकेच्या नावाने कुणी खातं काढलं, पैसे मागितले नाहीत, नुसतेच घाणेरडे संदेश तिच्या विद्यार्थ्यांच्या घरी पाठवले. ती ठाण्यात गेली की पहिला प्रश्न येणार, “पैसे गेले का जी, मॅडम?” टेक्ससने २००९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०११ पासून हा प्रश्न गैरलागू केला. तिथे कुणाला इजा पोचवण्याच्या किंवा धमकावण्याच्या हेतूने त्याचं नाव ऑनलाइन धारण करणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यमांना तक्रारीनंतर चोवीस तासांत असं खातं काढायला बांधलं. खातं जातं, काढणारा राहतो.

१ जुलै २०२४ ला दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तोतयेगिरी आता ३१९ व्या कलमात, शिक्षा तीनऐवजी पाच वर्षांपर्यंत. ६६-ड ला कुणी हात लावला नाही. त्यामुळे दारात उभं राहून दुसऱ्याच्या नावाने फसवणाऱ्याला पाच वर्षं होऊ शकतात, आणि तेच मोबाइलवरून करणाऱ्याला ६६-ड खाली अजूनही तीनच.