रेडिओ रात्री बंद व्हायचा, त्याची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मागच्या मार्चमध्ये गावी गेले होते, कागल तालुक्यात. रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर बाबांच्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. बाबा झोपलेले, एका कानात इअरफोन, दुसरा उशीवर पडलेला, आणि त्या उशीवरच्या बोंडातून कुणीतरी तावातावाने बोलतंय. संध्याकाळी त्यांनी हरिपाठ लावला होता हे मला माहीत होतं. हरिपाठानंतर कीर्तन, कीर्तनानंतर कुणा महाराजांचं प्रवचन, मग राशिभविष्य, आणि अडीच वाजता देश कसा बुडणार आहे यावर एक गृहस्थ ओरडत होते. सकाळी विचारलं, "बाबा, रात्रभर चालू होतं की. बंद का नाही केलंत?" तर म्हणाले, "अगं, संपतंय कुठं ते? एक झालं की दुसरं सुरूच."

आई गेल्यापासून घरात आवाज हवा असतो त्यांना, ते मी समजू शकते. अडचण अशी की ते अ‍ॅप आमच्याच कंपनीचं होतं. मीच फोनमध्ये टाकून दिलं होतं. मी पुण्यात ऑडिओ अ‍ॅपच्या कंपनीत काम करते, आणि रात्री अडीचपर्यंत ऐकणारा साठीच्या पुढचा माणूस आमच्या तक्त्यावर फार चांगला ग्राहक दिसतो. हिरव्या रंगात दिसतो. त्या हिरव्या ठिपक्यांपैकी एक आमचे बाबा आहेत हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

योगायोग म्हणा, पुढच्याच महिन्यात मला काम मिळालं की 'हेल्दी लिसनिंग'साठी काहीतरी फीचर आखा. प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे बदलणारं, पर्सनलाइज्ड. अशा वेळी लोक अमेरिकेतली अ‍ॅप्स बघतात. मीही बघितली. २०१८ मध्ये अ‍ॅपल आणि गूगल दोघांनीही फोनमध्ये वेळ मोजायची सोय दिली. फोन सांगतो, आज एवढे तास झाले. आपण म्हणतो, बरं. आणि पुढे चालू. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. लोकांनी काय ऐकावं, किती ऐकावं याची काळजी आपल्या देशात याआधी कुणी केली होती का? केली होती, आणि भरपूर केली होती.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, पॅरिसला डॉक्टरेट केलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांचं ठाम मत की सिनेसंगीताने लोकांची रुची बिघडते आहे. आधी गाण्यांवर मर्यादा आली, मग गाणी निवडून घ्यायची चाळणी लागली, आणि सिनेमाचं नाव सांगायचं नाही कारण ती जाहिरात होते. निर्माते चिडले, त्यांनी हक्क काढून घेतले, आणि बघता बघता आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली. (श्रोत्यांच्या कानाची अशी काळजी करणारे केसकर काही पहिले नव्हेत. १९४० मध्ये इंग्रजांच्या काळातच रेडिओवर पेटीला बंदी झाली होती, ती १९७१ पर्यंत होती. म्हणजे घरोघरी भजनाला पेटी आणि रेडिओवर मात्र ती अस्पृश्य.)

लोकांनी काय केलं? सुई फिरवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं एक दणकट प्रक्षेपण केंद्र सिलोनकडे आलं होतं. तिथून ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज आणि टूथपेस्टचा पैसा. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, सरकारला विविध भारती काढावी लागली, आणि १९६७ मध्ये तिच्यावर मुंबई, पुणे, नागपूरहून जाहिरातीही सुरू झाल्या.

केसकरांना हसणं सोपं आहे. पण संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनचं रेडिओ संगीत संमेलन त्यांच्याच काळातलं. संस्थानं गेल्यावर उघड्यावर पडलेल्या कितीतरी गवयांना-वादकांना रेडिओने आधार दिला. माणसाचा हेतू वाईट नव्हता. चूक एवढीच की त्यांनी श्रोत्याला विचारलं नाही. आणि हे वाचताना मला आमचीच मीटिंग आठवली. 'युजरला गंभीर कंटेंटकडे हळूहळू वळवायचं', असं आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. ते मीच लिहिलं होतं. केसकर निदान संसदेला उत्तर द्यायला बांधील होते.

आता मुख्य गोष्ट. ही पुण्याची आहे आणि पुणेकरांनाही फारशी माहीत नाही.

पुणे आकाशवाणी १९५३ ची. १९५५ च्या रामनवमीला तिथून गीतरामायण सुरू झालं. गदिमा, बाबूजी, आणि कल्पना पुढे रेटणारे सीताकांत लाड. आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतं ५६ झाली. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसायचे हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं. आठवड्याला एकच गीत. रामाची कथा सगळ्यांना पाठ, तरी पुढच्या गीतासाठी आठ दिवस थांबायचं. आमच्या अ‍ॅपवर ५६ च्या ५६ एका दमात लागतात.

गीतरामायण संपत आलं होतं त्याच सुमाराला, १९५६ च्या सुरुवातीच्या महिन्यांत, याच केंद्रावरून आणखी एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या मदतीने. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं श्रोतेमंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम: शेती, जनावरं, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत. असे एकूण २० कार्यक्रम. कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालत होती.

यातली मेख अशी की कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा. बंद करायचा आणि बोलायचं. पटलं का? आपल्या गावात होईल का? कोण करणार? मंडळाचा निमंत्रक सगळं लिहून पुण्याला पाठवणार, शंका असतील त्याही. आणि त्यांची उत्तरं पुढे रेडिओवरूनच मिळणार. ऐका, चर्चा करा, करून बघा, एवढाच कार्यक्रम.

प्रयोगाचा अभ्यास केला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने, प्रमुख होते पॉल नॉयरात. हा माणूस व्हिएन्नाचा, ज्यू वंशाचा, १९३८-३९ मध्ये नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांत राहून सुटलेला. रेडिओवरून ओरडणाऱ्या एका माणसाने एका समाजाचं काय केलं ते त्याने अंगावर सोसलं होतं, आणि पुढे तो आपल्याकडच्या चावडीवर बसून मोजत होता की रेडिओने माणसाचं काही भलं होतं का. (आकाशवाणीची पहाटेची ती धून बांधणारा वॉल्टर काउफमानही नाझींमुळे युरोप सोडून मुंबईला आलेला. यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

नॉयरातने तीन तऱ्हेची गावं ताडून पाहिली. मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांचं ज्ञान स्पष्ट वाढलेलं दिसलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्यामानाने फारच थोडं. तेच केंद्र, तोच कार्यक्रम, तोच आवाज. फरक फक्त नंतर बोलायला माणसं होती की नव्हती याचा. काही ठिकाणी तर मंडळ गावाचे निर्णयच घ्यायला लागलं.

मी हे बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आमच्यात होतं की ते." मी उडालेच. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. रेडिओ शाळेत कुलपात असायचा, बॅटरी उतरली की तालुक्याहून माणूस यायचा, तो आला नाही तर पंधरा पंधरा दिवस गप्प. आजोबा मंडळात होते. पोरांना आत सोडत नसत, ती खिडकीला लोंबायची. "कार्यक्रम काय आठवत नाही," बाबा म्हणाले, "पण नंतरची भांडणं आठवतात. खतावरून आमच्या आबांचं आणि पाटलांचं इतकं वाजलं होतं, की दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बांधावर गेले बघायला."

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेली. मंडळांची संख्या काही हजारांवर गेली, आणि सरकारी योजनेचं जे होतं ते झालं. कागदावर मंडळं वाढली, पत्रांना उत्तरं देणारी माणसं वाढली नाहीत. संच बिघडले ते बिघडलेच. मग ट्रान्झिस्टर आला, प्रत्येकाच्या खांद्याला आपापला रेडिओ, आणि शाळेच्या खोलीत जमायचं कारणच उरलं नाही. ट्रान्झिस्टरला दोष देत नाही मी. आमच्या आईचं अर्धं आयुष्य त्यावर पोळ्या लाटण्यात गेलं, आणि ते तिचं सगळ्यात आनंदाचं अर्ध होतं.

१९७९ चा पहिला वॉकमन कधी बघितलाय? त्याला इअरफोनची दोन भोकं होती. सोनीच्या अकिओ मोरिटांना वाटलं, एकट्याने कानात घालून बसणं म्हणजे शेजारच्याचा अपमान. म्हणून दोघांची सोय, आणि एक नारिंगी बटण: दाबलं की गाणं हळू होतं आणि बोललेलं ऐकू येतं. लोकांनी ते फारसं वापरलं नाही, पुढच्या मॉडेलमधून बटण गेलं. माणसांना एकत्र आणणारी सोय नुसती जोडून भागत नाही, हे मला तिथे कळलं. १५० गावांत निमंत्रक होता. वॉकमनला निमंत्रक नव्हता.

तर मी काय आखलं ते सांगते. नाव ठेवलं 'सभा', आकाशवाणीच्या सकाळ-दुपार-रात्रीच्या सभांवरून. ऐकणाऱ्याने आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, स्वतः ठरवायचं की माझ्या सभा किती, केव्हा, किती वेळाच्या आणि कशाच्या. रात्री अकराचा माणूस आणि रविवारी सकाळी दहाचा माणूस एक नसतो, म्हणून ठरवायचा हक्क दहाच्या माणसाला. सभा संपली की निवेदन होईल आणि अ‍ॅप गप्प बसेल. आपोआप पुढचं लागणार नाही. आणि हवं असेल तर एक माणूस जोडायचा, जो तेच ऐकतोय. संपल्यावर पडद्यावर त्याचं नाव आणि फोनचं बटण. अ‍ॅपने शिकायचं तेही वेगळं. कशाला माणूस चिकटून राहतो ते नाही. काय ऐकून झाल्यावर त्याने फोन ठेवला किंवा कुणाला लावला, त्यावरून पुढची सभा सुचवायची. आवाजाचाही हिशोब घातला. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. त्यापुढे कानाला धोका. आपल्याकडे रिक्षा-बसच्या गोंगाटात लोक आवाज किती चढवतात ते तुम्हाला माहीत आहे.

मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडलं. खरंच आवडलं, कुणी दुष्ट नव्हतं तिथे. मग एकाने विचारलं, "म्हणजे मिनिटं कमी होणार ना?" मी म्हटलं, होणार. शांतता. शेवटी ठरलं की फीचर द्यायचं, पण मुळात बंद ठेवायचं. ज्याला हवं त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावं. चार स्क्रीन आत. बाबांच्या वयाचा माणूस तिथवर कधीच पोचणार नाही हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मी थोडी भांडले, मग गप्प बसले. घराचे हप्ते मलाही आहेत.

माझी मागणी साधी आहे, आणि ती कंपन्यांकडे नाही, कारण त्या स्वतःहून करणार नाहीत हे मी आतून बघितलंय. सरकारने काय ऐकायचं ते ठरवू नये, ते १९५२ मध्ये करून झालं. पण आपोआप पुढचं लागणं हे मुळात बंद असावं आणि ज्याला हवं त्याने चालू करावं, एवढा नियम करायला काय हरकत आहे? यात कुणाच्या आवडीनिवडीला हात लागत नाही. फक्त चार स्क्रीन आत कोण जाणार, ते बदलतं.

बाबांच्या फोनवर मी स्वतः चालू करून दिलं. जोडीला त्यांचे शाळेतले मित्र, आता इचलकरंजीला असतात. दोघं रात्री नऊ ते साडेनऊ ऐकतात आणि मग दहापर्यंत फोनवर वाद घालतात. परवा मी साडेनऊला फोन केला तर एंगेज. रात्रीचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. आमचं अ‍ॅप गप्प बसलं की कधी कधी ते दुसरं लावतात. ते दुसरं संपत नाही.

जाता जाता एक विनंती. त्या पाच जिल्ह्यांतल्या कुणाच्या घरी १९५६ च्या श्रोतेमंडळाची आठवण असेल, आजोबांनी पुण्याला लिहिलेल्या पत्राची नक्कल, एखादा फोटो, काहीही, तर मला जरूर कळवा. बाबांना आबांच्या मंडळातल्या वीस जणांपैकी सातच नावं आठवताहेत.