मुंबईच्या प्रिन्सेस डॉकखालची जमीन

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर मशीद बंदर आणि वाडी बंदर यांच्या लगत असलेली प्रिन्सेस डॉकची सुमारे ३० एकर जागा गेल्या दीडशे वर्षांत तीनदा बांधकामासाठी तयार करण्यात आली : प्रथम खणून, मग मलबा उपसून आणि अखेरीस भराव घालून. वास्तूंच्या इतिहासात ही पायाखालची तयारी क्वचितच नोंदली जाते. या किनाऱ्यापुरते मात्र वर काय उभे राहिले यापेक्षा खाली काय करावे लागले हेच अधिक बोलके आहे.

गोदी होण्यापूर्वी येथे चिखलाची उथळ पुळण आणि तिच्यात पुढे आलेले धक्के होते. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरून राहत आणि माल पडावांतून व मचव्यांतून किनाऱ्याला येई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला विलक्षण भाव आला, तेव्हा समुद्रात भरणी करून जमीन निर्माण करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. त्यांपैकी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने १८६२ मध्ये सरकारशी करार केला, ज्यानुसार जी.आय.पी. रेल्वेच्या स्थानकासाठी १०० एकर जमीन तयार करून देण्याच्या बदल्यात तिला स्वतःसाठी २५० एकर भरणी करण्याचा हक्क मिळाला. तेजी ओसरली आणि १८७० च्या सुमारास सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. किनारा खासगी हातांत राहिला तर धक्क्यांचे दर व्यापाऱ्यांना जाचक ठरतील, ही भीती त्यामागे होती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्याने वाफेच्या बोटींची वर्दळही वाढणार होती. २६ जून १८७३ रोजी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि या किनाऱ्याचा ताबा त्याच्याकडे आला.

ट्रस्टने ठरवलेली गोदी ही दरवाजे असलेली, पाणी धरून ठेवणारी गोदी होती. मोठ्या उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरातील पाण्याची पातळी चार ते पाच मीटरने वरखाली होते. त्यामुळे भरतीला जहाज आत घेऊन दरवाजे मिटले, तरच ओहोटीतही ते धक्क्याशी तरंगत राहून मालाची चढउतार करता येते. असे कुंड बांधायचे तर भरतीचे पाणी बाहेर अडवून आतली जागा कोरडी ठेवावी लागते आणि मऊ चिखल काढून भिंतींसाठी घट्ट थर गाठावा लागतो. आराखडा टॉमस ऑर्मिस्टन यांचा होता. ११ नोव्हेंबर १८७५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील काळातील सातवे एडवर्ड, यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्यावरूनच गोदीला नाव मिळाले.

या खोदाईत निळसर चिकणमातीच्या थराखाली, ओहोटीच्या रेषेच्याही खाली, एक अख्खे जंगल सापडले. मोजदादीत ३८२ झाडे भरली, त्यांपैकी २२३ मुळांवर उभी आणि १५९ आडवी पडलेली होती. त्यांतील बरीचशी खैराची असल्याचे ओळखले गेले. खैर हा कोकणच्या डोंगरउतारांवरचा, कात देणारा वृक्ष आहे. तिवरांप्रमाणे तो खाऱ्या पाण्यात तगत नाही. उभ्या खोडांवरून ती वाहत आलेली नसून तेथेच वाढली होती हे उघड होते, म्हणजेच बेटाची ही बाजू एके काळी कोरडी असून पुढे समुद्राखाली गेली होती. ‘रेक्लमेशन’ या इंग्रजी शब्दात गेलेले परत मिळवण्याची छटा आहे, ‘भरणी’ या मराठी शब्दात ती नाही. खैरांनी इंग्रजी शब्द खरा ठरवला खरा, पण बुडालेली जमीन येथे हाती लागली ती भरून नव्हे, खणून. पुढे अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) खणतानाही अशीच झाडे मिळाली, आणि त्या खोदाईच्या मातीतून बॅलार्ड इस्टेटची जमीन उभी राहिली.

प्रिन्सेस डॉक १ जानेवारी १८८० रोजी सुरू झाला आणि १८८८ मध्ये शेजारी व्हिक्टोरिया डॉक आला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा व कापूस वाहणाऱ्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली आणि दोन्ही गोद्या उद्ध्वस्त झाल्या. बुडालेली जहाजे आणि ढिगारे हलवून त्या पुन्हा वापरात आणण्यास काही महिने लागले. ही दुसरी तयारी कोणत्याही कोनशिलेवाचून पार पडली.

तिसरीचे कारण कंटेनर हे होते. एकसारख्या आकाराच्या लोखंडी पेट्यांतून माल जाऊ लागल्यावर जहाजे लांब-रुंद झाली आणि धक्क्यापेक्षा त्यामागचे मोकळे मैदान महत्त्वाचे ठरू लागले. जुन्या गोद्यांचे दरवाजे अरुंद, आणि मैदान तर नव्हतेच. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर हा व्यापार खाडीपलीकडे सरकत गेला. त्याला उत्तर म्हणून २००७ मध्ये खोल पाण्यात नवे कंटेनर टर्मिनल बांधण्याचा करार झाला आणि पेट्या रचण्यासाठी प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून काढण्याचे ठरले. समुद्र बाहेर ठेवून, झाडे उपसून मिळवलेली खोली अशा रीतीने पुन्हा मातीने बुजवण्यात आली. टर्मिनल मात्र ठरल्या स्वरूपात चालू झाले नाही. तेथील धक्क्यांवर तात्पुरत्या व्यवस्थेने मोटारी आणि पोलाद यांची चढउतार होऊ लागली.