पीसी गेमिंगसाठी टीव्ही घेताय? आधी हे तपासा

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दौलताबादच्या घरात मालिका आणि मुलांचं पीसी गेमिंग एकाच टीव्हीवर भागेल का? भागेल, पण खरेदीआधी हे पाहा.

रिफ्रेश रेट: पॅनल खरोखर १२० हर्ट्झचं आहे का, ते विचारा. 'मोशन रेट'चा मोठा आकडा पाहून फसू नका.

पोर्ट: फोरकेमध्ये १२० हर्ट्झसाठी टीव्ही आणि ग्राफिक्स कार्ड, दोन्हींना एचडीएमआय २.१ हवं.

गेम मोड: तो नसेल तर माउस हलवल्यावर चित्र उशिरा हलतं.

अक्षरं: दुकानातच लॅपटॉप जोडून बारीक अक्षरं वाचा. पीसी मोड लावूनही कडा रंगीत दिसल्या, तर तो टीव्ही नको.