तृणधान्यांचा तुलनात्मक जीनोम अभ्यास

तृणधान्यांचा तुलनात्मक जीनोम अभ्यास ही भात, गहू, मका, ज्वारी, बाजरी, सातू इत्यादी तृणकुलातील पिकांच्या जीनोमची (संपूर्ण जनुकीय संचाची) परस्परांशी तुलना करणारी आनुवंशिकीची शाखा आहे. ही पिके कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापासून उत्क्रांत झाली. त्यामुळे एका पिकातील जनुकाची माहिती दुसऱ्या पिकाच्या अभ्यासात उपयोगी पडते.

आकारातील तफावत

भाताच्या जीनोममध्ये सुमारे ३९ कोटी क्षारकजोड्या असतात. ज्वारीत त्या सुमारे ७३ कोटी, मक्यात २३० कोटी, तर गव्हात १,६०० कोटींहून अधिक आहेत. ही तफावत मुख्यतः जनुकांमुळे नसून पुनरावृत्त क्रमांमुळे आहे. मक्याचा सुमारे ८५ टक्के जीनोम स्थानांतरी घटकांनी व्यापलेला आहे. गहू तर षट्गुणित असून त्यात तीन पूर्वजांचे जीनोम एकत्र नांदतात.

समरेखता

आकार भिन्न असले, तरी गुणसूत्रांच्या मोठ्या खंडांवर जनुकांचा क्रम बराचसा सारखा आढळतो. यास समरेखता म्हणतात. ग्रॅहॅम मूर, माइक गेल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये विविध तृणधान्यांचे जनुकीय नकाशे समकेंद्री वर्तुळांत मांडून हे साम्य दाखवले. लहान जीनोममुळे भात हे संदर्भपीक ठरले. त्याचा क्रम आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ११व्या गुणसूत्राच्या कामात भारताचा सहभाग होता.

उपयोग

हरितक्रांतीतील गव्हाच्या बुटक्या वाणांना कारणीभूत असलेली जनुके व मक्यातील एक खुजेपणाचे जनुक ही एकाच मूळ जनुकाची रूपे असल्याचे १९९९ मध्ये सिद्ध झाले. त्यांतील बदलांमुळे जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाला वनस्पतीचा प्रतिसाद मंदावतो.

मर्यादा

समरेखता सर्वत्र टिकत नाही. सातूमधील खोडावरील तांबेऱ्यास प्रतिकार करणाऱ्या जनुकाचा शोध भाताच्या नकाशाच्या आधारे घेतला गेला. शेजारची जनुके जुळली, परंतु अपेक्षित स्थानी ते जनुक भातात आढळले नाही. अखेर ते सातूच्याच जीनोममधून मिळवावे लागले. रोगप्रतिकारक जनुके तुलनेने वेगाने बदलत असल्याने असे घडते. म्हणूनच प्रत्येक पिकाचा स्वतंत्र जीनोमक्रम आवश्यक ठरतो. ज्वारी व मक्याचा क्रम २००९, बाजरीचा २०१७ आणि गव्हाचा सविस्तर संदर्भक्रम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.