चंद्राची पलीकडची बाजू

पृथ्वीवरून चंद्राची पलीकडची बाजू दिसत नाही. मग ‘तिथे डोंगर आहे’ या विधानाला अर्थ आहे का? व्हिएन्ना वर्तुळाचे मॉरिट्झ श्लिक यांनी १९३२ मध्ये हेच उदाहरण घेतले. त्यांचे उत्तर : आहे. कारण विधान कसे पडताळायचे ते सांगता येते. आज तिथे पोहोचता आले नाही तरी हरकत नाही. १९५९ मध्ये लूना-३ यानाने त्या बाजूची छायाचित्रे काढलीही!

पण ‘तांबे तापवले की प्रसरण पावते’ याचे काय? जगातले सगळे तांबे कोण तापवून पाहणार? कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये या अडचणीवर बोट ठेवले. कसोटीत निसर्गनियमच नापास! पुढे ती सैल करावी लागली.

वर्गात ‘कशावरून?’ जरूर विचारावे; निरर्थक ठरवण्याची घाई मात्र नको.