जटायूच्या रानात वाघाची पावले

सास्तूरच्या शिवारात उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर काळी जमीन, तूर-सोयाबीनची पिके, मधूनच उसाचे फड आणि बांधावरची लिंब-बाभळ एवढेच दृष्टीस पडते. या भागात ‘रान’ हा शब्दही शेतासाठीच वापरतात. एखादा माणूस ‘रानात गेलाय’ असे घरच्यांनी सांगितले, तर तो शेतावर गेला आहे असे समजावे. खरे जंगल पाहण्यासाठी लोहारा तालुक्यातील माणसाला जिल्ह्याचे दुसरे टोक गाठावे लागते. सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. राज्यातील सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते.

सास्तूर हे नाव महाराष्ट्राला परिचित झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि दगडमातीच्या भिंतींवर पेललेली जड माळवदे माणसांवर कोसळली. किल्लारी-सास्तूर परिसरातील मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. गावालगतच्या माकणी येथील निम्न तेरणा धरणाच्या जलाशयामुळे भूकंप झाला का, यावर भूशास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला.

या धरणात साठणारी तेरणा नदी मात्र बालाघाटाच्या डोंगरातून येते. तेरखेड्याच्या परिसरात तिचा उगम आहे. प्राचीन ‘तगर’ म्हणजेच आजचे तेर तिच्याच काठी वसले आहे. तेरणेच्या उलट दिशेने वर जात राहिले की सपाट काळी माती संपून मुरमाड उतार सुरू होतात आणि बालाघाटाचे पठार लागते. भीमा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांना विभागणारी ही डोंगररांग आहे. याच रांगेत येडशीजवळच्या घाटात जिल्ह्याचे उरलेसुरले जंगल आहे आणि जंगलाच्या पोटात श्रीक्षेत्र रामलिंग.

मंदिराकडे जाताना वर चढावे लागत नाही, उलट खोल दरीत उतरावे लागते. ओढ्याने वेढलेल्या जागेत हे दगडी देवालय उभे आहे. पावसाळ्यात मंदिराजवळच धबधबा कोसळतो. भोवतालचे कोरडे पानझडी रान उन्हाळ्यात इतके करडे होते, की यालाच जंगल म्हणायचे का असा प्रश्न पडावा. श्रावणात मात्र तेच डोंगर हिरवेगार होतात आणि सोमवारी येथे भाविकांची रीघ लागते.

या स्थानाची आख्यायिका रामायणाशी जोडलेली आहे. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने याच घाटात अडविले, रावणाने त्याचे पंख छाटले आणि तो येथेच कोसळला, असे सांगतात. सीतेच्या शोधात आलेल्या रामाला तो घायाळ अवस्थेत दिसला. त्याला पाणी पाजण्यासाठी रामाने डोंगरात बाण मारून जलधारा काढली, तोच आजचा धबधबा. जटायूची समाधीही येथे दाखविली जाते.

आता जटायू कोसळल्याचे ठिकाण म्हणून सांगितले जाणारे हे एकमेव स्थान नाही. नाशिक जिल्ह्यातील सर्वतीर्थ टाकेद, आंध्र प्रदेशातील लेपाक्षी आणि केरळमधील चडयमंगलम येथेही हीच कथा सांगतात. चडयमंगलमच्या खडकावर तर जटायूचे सुमारे २०० फूट लांबीचे शिल्प असून २०१८ मध्ये ते पर्यटकांसाठी खुले झाले. यातील खरे ठिकाण कोणते, हा वाद घालण्यात हशील नाही. मात्र रामलिंगचे वेगळेपण असे, की येथील कथा एका मंदिरापुरती राहत नाही. येडशीच्या उत्तरेस येरमाळा येथे येडेश्वरीचे ठाणे आहे. रामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वती सीतेचे रूप घेऊन आली, रामाने तिला ओळखले आणि ‘वेडी आहेस’ असे म्हटले. त्यावरून ती येडाई झाली, अशी श्रद्धा आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येथे लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचतात. दक्षिणेस तुळजापूरला घाटशिळ आहे. याच शिळेवर उभे राहून देवीने रामाला लंकेची वाट दाखविली, असे मानतात. तिन्ही ठिकाणे एकापाठोपाठ एक पाहिली, तर रामाच्या शोधयात्रेचा एक सलग मार्गच जिल्ह्याच्या नकाशावर उमटतो. लोकमानसाने आपल्या बोडक्या माळांवर दंडकारण्य असे जपून ठेवले आहे.

कथेने झाडेही वाचविली, असे म्हणायला जागा आहे. घाटाच्या तीव्र उतारावर नांगर चालत नाही, हे कारण आहेच. पण नांगर चालत नाही अशा टेकड्या जिल्ह्यात इतरत्रही आहेत आणि त्यांतील कित्येक उघड्याबोडक्या झाल्या आहेत. देवाच्या नावाने राखलेले रान टिकते, हा अनुभव कोकण-सह्याद्रीतील देवरायांनी दिलेला आहे. रामलिंगला सरकारी संरक्षण आले ते बरेच उशिरा. १९९७ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे. मोर, ससे, कोल्हे, तरस, रानडुकरे असे प्राणी येथे आढळतात. माकडांची गणती करणे मात्र कठीण.

इतक्या लहानशा जंगलात वाघ येईल, असे कोणाला वाटले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये अभयारण्यातील ट्रॅप कॅमेऱ्यात चक्क पट्टेरी नर वाघ टिपला गेला. अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा असल्याचे स्पष्ट झाले. सुमारे साडेचारशे किलोमीटरची वाट त्याने शेते, ओढे, रस्ते आणि वस्त्या चुकवीत पार केली होती. त्याला नावही ‘रामलिंग’ असेच पडले. शेजारच्या बार्शी तालुक्यातील गावांतही त्याच्या खाणाखुणा आढळल्या, जनावरे मारली गेली आणि शेतकऱ्यांत भीती पसरली. सोयाबीनची रास झाली तरी रब्बीला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री रानात जावेच लागते. विजेचे भारनियमन वाघाला विचारून होत नाही! २०२५ च्या प्रारंभी त्याला पकडून सह्याद्रीत हलविण्याचा वन खात्याने प्रयत्न केला, परंतु कित्येक आठवडे तो पथकांच्या हाती लागला नाही.

वाघाचे येणे ही बढाईची बाब जितकी, तितकीच अडचणीची. एका नर वाघाचा वावर अनेकदा शंभर चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर असतो. २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य त्याला अंगणासारखे. टिपेश्वरसारख्या जंगलात वाघ वाढले, तरुण नरांना जागा उरली नाही, की ते बाहेर पडतात. वाटेत त्यांना आडोशाला जे मिळते ते असेच लहान लहान तुकडे: एखादा घाट, एखादे कुरण, एखादी देवराई. असे तुकडे राहिले तर वाघाची वाट राहते. येडशीच्या बाजूने जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाल्यानंतर रात्रीच्या वेळी तो ओलांडणे कोणत्याही जनावराला सोपे राहिलेले नाही.

भाविक आणि जंगल यांच्यातील तिढाही सुटलेला नाही. दरीत उतरताना माकडांना फुटाणे, केळी, बिस्किटे देण्याची प्रथा पुण्याची समजली जाते. परिणामी माकडे हातातल्या पिशव्या हिसकावतात आणि प्लॅस्टिक ओढ्यात जाते. वन्यप्राण्यांना खाऊ घालणे अभयारण्याच्या नियमांत बसत नाही. मात्र श्रावणी सोमवारच्या गर्दीपुढे सूचनाफलकाचे कोण ऐकणार?

कसे जाल : धाराशिव शहरापासून येडशी सुमारे २० किलोमीटरवर असून तेथून रामलिंग जवळच आहे. कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावर येडशी स्थानक आहे. १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज गाड्याही येडशीवरूनच धावत असत. सास्तूरहून येणाऱ्यांना लोहारामार्गे धाराशिव गाठून पुढे येडशीला जाता येते. धबधबा जुलै ते सप्टेंबर या काळात पाहावा, पाऊस लांबला तर तो कोरडाच असतो. ओढ्याला पूर असताना दरीत उतरू नये. गर्दी नको असल्यास सोमवार टाळावा आणि जंगलाच्या वाटेवरून अंधार पडण्यापूर्वी परतावे.