बाळाचा हात ताटात जातो तेव्हा



सहा महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन जेवायला बसलं की त्याचा हात हमखास आपल्या ताटात जातो. तो हात धरायचा की जाऊ द्यायचा, यावरून हल्ली घराघरांत सासू-सुनेचे मतभेद होतात. सून म्हणते, बाळाला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, याला ‘बेबी-लेड वीनिंग’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, घशात अडकलं तर? काळजी दोघींनाही बाळाचीच. म्हणून मी याचा थोडा इतिहास वाचला, तो तुमच्यासाठी मांडते.

उष्टावण आपल्याला नवं नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात ज्या ५३ गर्भान्वय क्रिया सांगितल्या, त्यांत अन्नप्राशनही आहे. पहिला घास वडीलधाऱ्यांच्या हातून, मग मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीची पेज, आणि बाळ नीट बसू लागलं की हातात पोळीचा तुकडा. भरवणं आणि हातात देणं दोन्ही आपल्या घरांत चालत आलं आहे.

अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर बाळाच्या जेवणाचं वेळापत्रकच लिहून देत. किती वाजता, काय आणि किती, सगळं ठरलेलं. मुलं तोंड घट्ट मिटत आणि आया रडकुंडीला येत. अशा काळात डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ साली एक प्रयोग सुरू केला. नुकतीच दूध सोडणारी, सहा ते अकरा महिन्यांची बाळं त्यांनी निवडली. सगळी मिळून १५ मुलं. त्यांच्यासमोर साधे, एकमेकांत न मिसळलेले पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवत. साखर नाही, मीठही वेगळ्या वाटीत. परिचारिकेने गप्प बसायचं. बाळाने एखाद्या भांड्याकडे हात केला तरच चमचा उचलायचा, आणि त्याने तोंड उघडलं तरच घास द्यायचा. बाळाने बोटांनी खाल्लं तरी चालेल.

त्या यादीत मांस-मासेही होते, ते आपल्याला वर्ज्यच. पण निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. प्रत्येक बाळाची आवड वेगळी होती, ती सारखी बदलतही होती, तरी सगळी मुलं धष्टपुष्ट वाढली. यावरून ‘मुलाला शरीराची गरज आपोआप कळते’ असं अनेकांनी म्हटलं. स्वतः डेव्हिस यांनी मात्र १९३९ साली स्पष्ट केलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. समोर सगळं चांगलंच अन्न ठेवलेलं होतं, त्यामुळे वाईट निवडायला वावच नव्हता. समोर काय ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवलं, आणि त्यातलं काय व किती खायचं हे बाळाने.

हे सगळं चालू असतानाच, १९२८ साली, अमेरिकेतल्या गर्बर कंपनीने गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारात आणले. डबा सोयीचा होताच, आणि त्या काळात तिथे वरचं अन्न लवकर सुरू करण्याची चालही वाढत गेली. १९५० च्या दशकात काही आठवड्यांच्या बाळालाही ते देत. इतक्या लहान बाळाला ना बसता येतं ना चावता येतं, म्हणून सगळं गुळगुळीत वाटूनच द्यावं लागे. पुढे २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, अशी शिफारस केली. तेव्हा गिल रॅप्ले या ब्रिटिश आरोग्यसेविकेने साधा प्रश्न विचारला: सहा महिन्यांचं बाळ आधाराने बसतं, वस्तू पकडून तोंडात घालतं, मग सगळं वाटून कशाला? ट्रेसी मर्केट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं पुस्तक २००८ साली आलं आणि ही पद्धत जगभर गेली.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. न्यूझीलंडमध्ये सुमारे २०० कुटुंबांचा अभ्यास झाला. त्यात आयांना सुरक्षिततेची आणि लोहयुक्त अन्नाची नीट माहिती दिली होती. हाताने खाणाऱ्या बाळांना घशात अडकण्याचा त्रास चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा जास्त झाला नाही. पण दोन्ही गटांत काही बाळांना धोकादायक पदार्थ दिले गेले होते. म्हणजे भीती अगदीच खोटी नाही, फक्त ती योग्य जागी हवी. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, फुटाणे, कच्चं सफरचंद देऊ नका. बाळ ताठ बसलेलं असावं आणि कोणीतरी समोर असावंच. ठसका लागला की बाळ खोकतं, आवाज करतं. आवाज बंद झाला तर मात्र ताबडतोब धावायचं.

परदेशी पुस्तकांत गाजर, बटाटा, रताळं असतं. आपल्या घरी कंदमूळ नसेल तर काही अडत नाही. वाफवलेला दुधी, लाल भोपळा, पिकलेलं केळं बोटाएवढं लांब कापून द्या, म्हणजे मुठीतून वर टोक राहतं. लोहासाठी मऊ शिजवलेलं मूग-मसूर द्या, वर लिंबाचे दोन थेंब पिळा. मध आपण खातच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तो द्यायचा नाही असं डॉक्टरही सांगतात. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सूर्यास्तापूर्वी सगळं घर एकत्र जेवायला बसतं, ही तर आपली जुनीच सोय. तिथेच बाळालाही बसवा. सासूबाईंनी मऊ भाताचे चार घास भरवावेत, सुनेने भोपळ्याची फोड हातात द्यावी. दोन्ही चालतं. बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं, एवढं मात्र दोघींनी पाळावं.